शेतकऱ्याला पाणी फुकट? कोण म्हणतं?

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की शेतकऱ्याला वीज-पाणी फुकट, म्हणून तो रात्रभर मोटर चालू सोडतो, आपण मात्र नळाचं बिल भरतो, आणि मीटर लावून रेट वाढवला की त्याला पाण्याची किंमत कळेल. एकेक घेऊ.

फुकट नाहीये. मध्य प्रदेशात 10 हॉर्सपॉवरपर्यंतच्या बिनमीटरच्या पंपाला वर्षाला हॉर्सपॉवरमागे 750 रुपये लागतात, म्हणजे 5 च्या मोटरला 3750, बाकीचे सरकार भरतं. स्वस्त आहे, अगदी स्वस्त, मान्य. पण ती वीज झाली, पाणी नाही. बोअर, केसिंग, केबल, पाइप सगळं त्याच्याच खिशातून, बोअर कोरडा निघाला तरी मशीनवाला फुटाप्रमाणे पैसे घेतोच, आणि व्होल्टेज पडून मोटर जळली की रिवाइंडिंगचा खर्च परत वेगळा. ज्याच्याकडे बोअरच नाही तो शेजाऱ्याकडून तासाच्या भावाने पाणी विकत घेतो, त्याला कुठली आलीय सबसिडी.

रात्रीची मोटर: अहो, मोटरला लागणारी थ्री फेज वीज रात्री येते म्हणून ती रात्री चालते, डिसेंबरच्या थंडीत गव्हात उभं राहायची हौस कोणाला आहे? हां, फ्लॅट रेटमध्ये, म्हणजे वापर कितीही असो रक्कम ठरलेलीच, तिथे एक तास जास्त चालवला तरी खिशाला काही लागत नाही, इतपत फॉरवर्ड बरोबर आहे. पण माळव्याच्या काळ्या मातीखाली बेसाल्ट, म्हणजे कठीण काळा खडक आहे, पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात नाहीतर भेगांमध्ये, त्यामुळे उन्हाळ्याच्या आधीच कितीतरी बोअर थोडा वेळ चालून दम तोडतात, मग उधळायला पाणी आणणार कुठून? तो हिशोब करतो पाळ्यांचा, म्हणजे पिकाला किती वेळा पाणी देता येईल याचा. गव्हाला पेरणीनंतर 20-21 दिवसांनी पहिलं पाणी चुकलं तर फुटवे कमी येतात, म्हणून हाताशी दोनच पाळ्या असतील तर कोणत्या द्यायच्या हे त्याला नीट माहीत असतं, आणि तेवढंही नसेल तर सरळ हरभरा टाकतो. कमी पाण्यात येणारं हर्षितासारखं गव्हाचं वाण आपल्याच इंदूरच्या गहू संशोधन केंद्रातून निघालंय.

आता आपलं बिल. आपलं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून येतं, सुमारे 70 किलोमीटर, आणि 400 मीटरहून जास्त वर चढवून. त्या पंपिंगचं वीजबिल आपल्या नळाच्या पैशांतून निघत नाही, आणि बहुतेक घरांत मीटरही नाही, दर महिन्याला ठरलेली रक्कम. म्हणजे फ्लॅट रेट आणि सबसिडी आपल्यालाही आहेच की, भिया.

मीटरने सगळं सुटतं असंही नाही. पश्चिम बंगालमध्ये 2007 नंतर पंपांना मीटर बसवले, तर पंपमालकांनी पाणी विकायचा भाव वाढवला, फटका बसला पाणी विकत घेणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला. गुजरातने ज्योतिग्राम योजनेत वेगळं केलं, शेतीचे फीडर, म्हणजे वीज पोचवणाऱ्या लाइनी, गावापासून वेगळे काढले आणि तास ठरवून दिले, दिवसाला आठ. मला विचाराल तर उपशाला लगाम घालायला हे जास्त चालतं, फक्त ते तास पूर्ण आणि वेळेवर मिळायला हवेत.

आणि किंमत कळत नाही म्हणे! शेजारचा देवास जिल्हा बघा, जिथे 1990 मध्ये प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं होतं. 2006 मध्ये तिथले कलेक्टर उमाकांत उमराव यांनी शेततळ्यांची मोहीम काढली, तेव्हा शेतकऱ्यांनी आपल्या शेताचा दहावा हिस्सा, कुठे त्याहून कमी, तळ्यासाठी सोडला, आणि सुरुवातीची तळी अनुदानाशिवाय खणली, घरचे पैसे घालून नाहीतर बँकेचं कर्ज काढून. पिकाची जमीन कायमची पाण्याखाली घालायची आणि वर हप्ते भरायचे. रेवासागर म्हणतात त्या तळ्यांना. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एकदा देवासमधल्या टोंकखुर्दकडे जाऊन यावं, इंदूरहून गाडीने तास-दीड तास लागतो फक्त.