खुलासा: ‘कादंबऱ्या वाचल्या म्हणून वेडी ठरवली’ ही यादी

“एकोणिसाव्या शतकात बायकांना या कारणांसाठी वेड्यांच्या इस्पितळात डांबत” अशा मथळ्याखाली एक यादी फिरते आहे. कादंबऱ्या वाचणे, आळस, डोक्यात घोड्याची लाथ, असं त्यात बरंच काही आहे. यादी खरी आहे, मथळा चुकीचा. ती अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामधल्या वेस्टनच्या इस्पितळाची, १८६४ ते १८८९ या काळातली. तिच्यात पुरुषही आहेत, आणि नोंदी आहेत त्या वेड कशामुळे लागलं असावं याच्या, डांबण्याच्या कारणांच्या नव्हेत.

पण म्हणून ‘बायकांवरचा अन्याय हे थोतांड’ म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्याचा १८५१चा कायदा बघावा. इतरांसाठी वेडाचा पुरावा लागे. बायकोसाठी नवऱ्याची मागणी आणि इस्पितळाच्या अधीक्षकाची मान्यता पुरे. एलिझाबेथ पॅकर्डने धर्माबाबत पाद्री नवऱ्याशी मतभेद उघड बोलून दाखवले, आणि १८६०मध्ये तिची रवानगी जॅक्सनव्हिलच्या इस्पितळात झाली. तीन वर्षांनी सुटली, तर नवऱ्याने घरातच कोंडलं, खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या. १८६४मध्ये ज्युरीने अवघ्या सात मिनिटांत तिला शहाणी ठरवलं. तोवर नवरा मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्सला निघून गेला होता. १८६७मध्ये तिच्याच खटपटीने इलिनॉयमध्ये विवाहित बायकांनाही ज्युरीसमोर सुनावणीचा हक्क मिळाला.