बाण सुटायच्या आधीची वीस मिनिटं

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या नोव्हेंबरात माझ्यामुळं भांडण लागलं आणि ते अजून नीट मिटलेलं नाहीये. झालं असं की शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमधला एक फोटो मी टाकला, भिंतीवर पांढरी चादर, आठ-दहा घडीच्या खुर्च्या, पॉपकॉर्नचं घमेलं आणि पडद्यावर झाडावर धनुष्य घेऊन बसलेला एक माणूस. खाली लिहिलं, आज पिक्चर. पाच मिनिटांत धाकट्या भावाचा मेसेज, "ताई, हे काय बघलालीस गं तू? हरणं मारायचे पिक्चर?" मग काकूंचे हात जोडलेले तीन इमोजी, मग चुलतभावाचं "अमेरिकेत जाऊन बिघडली", आणि सगळ्यात शेवटी मामा, ज्यांची सोलापूरजवळ मार्डीच्या बाजूला ज्वारी-हरभऱ्याची शेती आहे, ते म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला इकडं पाठव बाळ. काळविटांनी हरभरा ठेवला नाही."

मग काय, अर्धे मामांच्या बाजूनं आणि अर्धे हरणांच्या बाजूनं, आणि मी मधल्या मधे, कारण मला विचारलं होतं वेगळंच. मला भावानं विचारलं होतं की असल्या पिक्चरमध्ये बघण्यासारखं असतं काय. त्याचं उत्तर ग्रुपवर टाइप करून होईना म्हणून इथं लिहितेय.

मी विस्कॉन्सिनमध्ये राहते, अकरा वर्षं झाली. इथं धनुष्यबाणानं हरणाची शिकार करायचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतो तो पार जानेवारीपर्यंत चालतो, आणि बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आसपास फक्त नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळेला आपल्याकडं असतात तशाच. पहिल्या वर्षी मला हे सगळं भयंकर वाटलं होतं. पिकअपच्या मागं पडलेलं हरीण बघून मी दोन दिवस नीट जेवले नव्हते, हे भावाला मी कधी सांगितलं नाही.

आजोबांच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा गेले ती निव्वळ शेजारधर्म म्हणून. आणि पहिला पिक्चर बघून वाटलं की भाऊ बोलला असता तेच खरं. मोठ्यानं गिटार, रंगीबेरंगी टोप्या, बाण लागतो तो क्षण स्लो मोशनमध्ये तीन वेळा, मग टाळ्या देणं, मग मेलेल्या जनावराची शिंगं धरून दात काढत फोटो, आणि मधे मधे बाणाच्या पात्याची जाहिरात. अर्ध्या तासात सहा हरणं. मी कंटाळले, घाण वाटली ती वेगळीच पण खरं सांगायचं तर आधी कंटाळले. आजोबा पण कंटाळले होते. म्हणाले, हा कचरा मुद्दाम आधी दाखवतो, म्हणजे पुढचा कळतो.

पुढचा होता चाळीस मिनिटांचा आणि त्यात एकही हरीण मेलं नाही. त्यातलं काय सांगू, एक माणूस अंधारात मचाणावर चढतो, वीसेक फुटांवर, पट्ट्यानं स्वतःला झाडाला बांधून घेतो, आणि बसतो. उजाडतं. खारीचा आवाज येतो वाळक्या पाल्यात आणि तुम्हाला वाटतं हरीण आलं, दहादा फसल्यावर तुमच्या कानाला फरक कळायला लागतो, खार उड्या मारते थांबते उड्या मारते आणि हरीण पाऊल टाकून थांबतं. म्हणजे पिक्चर तुम्हाला न सांगता शिकवत असतो. कुणी बोलत नाही, संगीत नाही. आपल्या सोलापुरातल्या भागवत थिएटरात असा पिक्चर लागला असता तर लोकांनी खुर्च्या फाडल्या असत्या असं आधी वाटलं, पण नंतर वाटलं नाही, कदाचित चिडीचूप बसले असते.

बंदुकीचा शिकारी दोनशे यार्डांवरून मारू शकतो, दुर्बिणीतून बघितलं, चाप ओढला, संपलं, त्यात बघणाऱ्याला काही काम नाही. बाणाला जनावर वीस-तीस यार्डांवर यावं लागतं. यावं लागतं, कारण त्याच्या जवळ जाणं जवळपास अशक्य. म्हणजे सगळा खेळ हरणाच्या हातात. त्याच्या नाकाला वास गेला की संपलं, आणि वास पिक्चरमध्ये दाखवता येत नाही ना, मग चांगला दिग्दर्शक वारा दाखवतो. त्या पिक्चरमधला माणूस खिशातून एका रानझाडाच्या बोंडातला कापूस काढतो आणि एक तंतू हवेत सोडतो, तो कुठं जातो ते बघतो. मी खुर्चीतून उठलेच, अहो ही तर म्हातारी! आपल्या रुईची म्हातारी, विजापूर रोडच्या मोकळ्या प्लॉटांमध्ये आम्ही शाळेतून येताना फुंकत यायचो ती. झाड वेगळं आहे, पण रुईच्याच कुळातलं. त्या एका तंतूवर मी पुढची वीस मिनिटं श्वास धरून बसले, कारण तो हळूहळू वळून नेमका त्याच बाजूला गेला जिकडून हरीण येणार होतं.

आणि मग धनुष्य ओढायचं कधी हा प्रश्न. आताची बहुतेक धनुष्यं चाकांची, कंपाउंड म्हणतात, ज्याचं पेटंट मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन या माणसाला १९६९ साली मिळालं. साठ-सत्तर पौंडाचा जोर लावून ओढलं की शेवटी चाकं फिरून हातावरचा भार एकदम कमी होतो, पार पाचव्या हिश्श्यावर, म्हणून धरून थांबता येतं. साध्या लाकडी धनुष्याला ती सोय नाही, ओढलं की हात थरथरायला लागतो, आणि तो थरथरणारा हात कॅमेऱ्यात दिसतो. पण दोन्हीला ओढायची हालचाल करावीच लागते, ती फक्त हरणाचा डोळा झाडाच्या बुंध्याआड असताना. हरीण बुंध्याआड जाईल का, गेलं तर किती वेळ, याची वाट बघताना गॅरेजमधल्या एकाही माणसानं पॉपकॉर्न चावला नाही.

बरं बाण सुटला म्हणजे लागला असंही नाही. आजोबा गाड्यांचे मेकॅनिक होते त्यामुळं त्यांना हिशेब आवडतात, त्यांनी मला पाकिटाच्या मागं मांडून दाखवलं. बाणाचा वेग धरा सेकंदाला २८० फूट, आवाजाचा साधारण ११००. तीस यार्ड म्हणजे ९० फूट. दोरीचा आवाज हरणाच्या कानात जातो एका सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यात, बाणाला लागतो एक तृतीयांश सेकंद. मधल्या वेळात हरीण पळायला म्हणून पाय दुमडून खाली दबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. पिक्चरमध्ये हे साध्या वेगात नुसतं "हुकला" असं दिसतं आणि मग एकदा सावकाश दाखवतात तेव्हा कळतं की माणूस हुकला नाही, हरीण जिंकलं. स्लो मोशन वापरायची तर अशी वापरावी, मरण मोजायला नको.

चांगल्या पिक्चरची माझी दुसरी खूण म्हणजे बाण लागल्यानंतरचा भाग कापलेला नसतो. लागल्यावर लगेच मागं पळायचं नसतं, किमान अर्धा तास थांबायचं, आणि बाण पोटात लागला असेल तर कित्येक तास, नाहीतर जखमी जनावर लांब पळून कुठंतरी मरतं आणि सापडत नाही. ते थांबणं, मग गुडघ्यावर बसून पानावरचा एकेक थेंब शोधत जाणं, कधी न सापडणं आणि त्या माणसाचं तोंड. हे दाखवणारा माणूस प्रामाणिक. एक गोष्ट मला हल्ली खटकते आणि आजोबांनाही, की आता बऱ्याच पिक्चरमध्ये मचाणावर मागं कॅमेरावाला असतो, आणि शिकारी बाण सोडायच्या आधी कुजबुजून विचारतो की फ्रेममध्ये आलं का. म्हणजे जनावर कधी मारायचं हे कॅमेरा ठरवणार. तिथं माझा पिक्चरवरचा विश्वास उडतो, लग्नात फोटोग्राफर अंतरपाट परत धरायला लावतो ना तसं.

आता भावाचा खरा मुद्दा. तो म्हणतो, तिकडं तुम्ही मजा म्हणून बघता, इथं आम्ही १९७२ पासून कायदा करून जनावरं वाचवतोय. बरोबर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, काळवीट पहिल्या अनुसूचीत, आणि सोलापूरजवळ नान्नजला माळढोकांसाठी अभयारण्य जाहीर झालं १९७९ ला, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर, जे नंतर कमी करत करत १,२२२ वर आणलं. माळढोक आता दिसणं मुश्कील. मग गेला कुठं तो? बाणानं तर गेला नाही. माळ नांगरला, बोअर मारले, ऊस आला, वायरी आल्या. हे मी भावाला म्हटलं तर तो म्हणाला, विषय बदलू नको.

पण विषय तोच आहे माझ्या मते. इथं अमेरिकेत १९३७ च्या एका कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा टॅक्स थेट वन्यजीवांच्या कामाला जातो, सत्तरच्या दशकात धनुष्य-बाणही त्यात आले. इथलं हरीण माजलंय, लांडगा मुख्यतः उत्तरेकडच्या आणि मधल्या जंगलांत, रस्त्यावर गाड्यांना धडकून मरतात, वर २००२ पासून विस्कॉन्सिनच्या हरणांत जनावराला झिजवून मारणारा एक रोग सापडलाय ज्यासाठी लोक मारलेल्या हरणाची तपासणी करून मग मांस खातात. म्हणून इथलं गणित इथं. मामांना मी स्पष्ट सांगितलं की मामा, आजोबांना मी पाठवणार नाही. तुमच्या हरभऱ्याची भरपाई वेळेत मिळाली पाहिजे हे शंभर टक्के, पण माळावर अजून लांडगा आहे, काळवीट त्याचं जेवण आहे, आणि एकदा परवानगीचा कागद निघाला की तो कुणाकुणाच्या खिशात जाईल हे आपल्याला सोलापुरात राहून माहीत नाही का. मामा म्हणाले, ते पण खरं.

मला खुपतं ते वेगळंच. आमच्या ग्रुपवर हरणाचा पिक्चर बघितला म्हणून हात जोडणारी माणसं आठवड्यातून एकदा तरी बिबट्याचा व्हिडिओ टाकतात, उसात अडकलेला, भोवती दोनशे माणसं, काठ्या, मोबाइल, आरडाओरडा, आणि खाली हसण्याचे इमोजी. तोही जनावराचाच पिक्चर आहे. त्यात वाट बघणं नाही, वारा नाही, जनावराला जिंकायची सोय नाही. माझ्या हिशेबात तो त्या गिटारवाल्या पिक्चरच्या जातीचा.

आणि ज्यांना हे वाट बघणं येत होतं त्यांचं आपण काय केलं? माझ्या लहानपणी आजीच्या दारात एक फासेपारधी म्हातारा यायचा, तितराचा आवाज काढायचा, असा की अंगणातल्या कोंबड्या माना वर करायच्या. आजी त्याला भाकरी द्यायची आणि आत येऊन कडी लावायची, दोन्ही. पारध्यांचं गाय आडोशाला घेऊन, तिच्या पावलानं पाऊल टाकत काळविटाच्या कळपापर्यंत जायचं कसब मी नंतर वाचलं, आणि वाचताना सारखं वाटलं की याचा पिक्चर केवढा भारी झाला असता. पण त्या लोकांना इंग्रजांनी १८७१ ला सुरू झालेल्या कायद्यानं जन्मानं गुन्हेगार ठरवलं, आपल्या सोलापुरातच सेटलमेंट नावाच्या वसाहतीत तारेआड ठेवलं, तो कायदा गेला १९५२ ला आणि संशय अजून गेला नाही. अमेरिकेतही असंच आहे बरं का, मी उगीच कौतुक करत नाही. इथल्या आजच्या धनुष्याच्या शिकारीचं बरंच श्रेय ज्याला देतात तो इशी, 'याही' नावाच्या आदिवासी जमातीतला शेवटचा माणूस, १९११ साली कॅलिफोर्नियात एकटा गावात आला, त्याची सगळी माणसं मारली-संपवली गेल्यावर. सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर त्याच्याकडून धनुष्य शिकला, पुस्तकं लिहिली, पोपच्या नावाचा क्लब झाला. इशी १९१६ ला क्षयानं गेला. गॅरेजमध्ये हे मी विचारलं तेव्हा आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हो, हे पिक्चरमध्ये कुणी घालत नाही.

या जानेवारीत गड्ड्याला आले होते तेव्हा एक दिवस मामांना म्हटलं, चला, आपण पिक्चर काढू. मामा तयार. पहाटे पाचला, मफलर, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि बांधाआड आम्ही दोघं मोबाइल दगडाला टेकवून बसलो. मामा दर पाच मिनिटांनी विचारत होते, आता काय करायचं, आणि मी म्हणत होते, काही नाही. सूर्य वर आला तसा लांब कळप दिसला, पुढं एक काळा नर, मान मागं टाकून चालणारा, आमच्याच बाजूला. चारशे पावलं, तीनशे. मामांनी माझा दंड धरला. ज्यांचा हरभरा खाल्ला तेच मामा. मग नरानं मान वर केली आणि सगळा कळप उडाला, एकेक करून हवेत, आणि माळ रिकामा.

मामांनी तो अकरा मिनिटांचा व्हिडिओ तसाच ग्रुपवर टाकला, त्यात त्यांचा खोकला आहे, लांबच्या टमटमचं गाणं आहे, आणि शेवटची चार सेकंदं ठिपक्याएवढी हरणं. कुणी काही बोललं नाही, भावानं एक अंगठा दिला. परत आल्यावर मी तो गॅरेजमध्ये चादरीवर लावला. आजोबांनी अकराच्या अकरा मिनिटं बघितला, खुर्ची पुढं ओढून, आणि संपल्यावर म्हणाले, "वारा तुमच्या पाठीमागून होता ना?"