थर्माकोलच्या घराला म्हणे सळई लागत नाही!

"अमेरिकेत थर्माकोलचे पोकळ ठोकळे रचून त्यात काँक्रीट ओततात. कॉलम नाही, सळई नाही, इंजिनिअर नाही. आग नाही, वाळवी नाही, एसी नाही. आपल्याकडचे लोक फक्त लुटतात." हा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर तीनदा आला तोवर मी गप्प होतो. पण आता पाटणजवळ घर बांधणाऱ्या आमच्या मावसभावाने कॉन्ट्रॅक्टरला सळईची ऑर्डर थांबवायला सांगितली आहे.

तर आधी सळई. ज्या अमेरिकेचा दाखला देताय, तिथला 'इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड', म्हणजे घरबांधणीची नियमावली, उघडा. त्यातलं कलम आर ६०८ घराच्या बाहेरच्या काँक्रीट भिंतींचं आहे, थर्माकोलच्या साच्यातल्या भिंतीही त्यातच येतात. त्यात सळयांचे तक्ते आहेत. भिंतीची उंची, जाडी आणि वाऱ्याचा जोर बघून उभी सळई किती अंतरावर, आडवी कुठे, मोठ्या खिडकीच्या कडेने किती, सगळं लिहिलेलं. शिवाय हे तक्ते वाटेल त्या घराला वापरता येत नाहीत. जमिनीवर जास्तीत जास्त २ मजले, मजल्याची उंची १० फुटांपर्यंत, घराची लांबी-रुंदी ६० फुटांच्या आत. भूकंपाचा धोका मोठा असेल तिथे हे तक्ते चालतच नाहीत, वेगळं डिझाइन लागतं, आणि काँक्रीट ओतण्याआधी बांधलेली सळई तपासून घ्यावी लागते. आमचे बंधुराज घर कुठे बांधतायत? कोयनेच्या खोऱ्यात. ११ डिसेंबर १९६७ ची भूकंपाची पहाट आठवणारी माणसं तिथे अजून आहेत, त्यांना विचारा बिनसळईची भिंत चालेल का. आपल्याकडे अशा भिंतीला आयएस ४५६ हे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक लागतं आणि भूकंपासाठी आयएस १३९२०. दोन्हींत सळई आहेच.

कॉलम नसतात, हे मात्र खरं. सगळा भार भिंतच घेते, म्हणून तर तिच्यात सळई. इंजिनिअरचंही अर्धं खरं आहे, नाइलाजाने सांगतो: त्या कोडच्या चौकटीत बसणाऱ्या घराच्या नकाशावर इंजिनिअरचा शिक्का लागत नाही, राज्याचा कायदा मागत नसेल तर. व्हिडिओवाल्याने नेमकं तेवढंच उचललं.

आग. काँक्रीट जळत नाही, थर्माकोल जळतं आणि काळा, घुसमटवणारा धूर सोडतं. म्हणून अमेरिकेत खोलीच्या बाजूने अर्धा इंच जिप्सम बोर्ड किंवा तेवढंच संरक्षण देणारं आवरण सक्तीचं आहे. थर्माकोललाही ज्वाला किती पसरते, धूर किती होतो याच्या चाचण्या पार कराव्या लागतात. व्हिडिओत काय, तर पांढऱ्या थर्माकोलवर थेट वॉलपेपर! पोरांच्या खोलीत!

वाळवी थर्माकोल खात नाही, पण त्यातून वाट काढते. तिचा उपद्रव फार असलेल्या भागांत तिथे जमिनीखाली असा फोम लावण्यावर बंधनं आहेत ती उगाच नाहीत. एसीचं म्हणाल तर भिंतीतून ऊन कमी येईल, कबूल. वरचा स्लॅब तापतो त्याचं काय?

आणि एक गोष्ट व्हिडिओ सांगतच नाही. नेहमीच्या कामात शटरिंग, म्हणजे तात्पुरता साचा, काढलं की हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमधल्या पोकळ्या, डोळ्यांना दिसतो, दुरुस्त करता येतो. इथे साचा कधी निघतच नाही. घाईत ओतलं, काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरवला नाही, तर सळईभोवती पोकळी राहिलेली कुणाला कळणारही नाही.