राखाडी गाडीचं पांढरं दार

गेले अकरा दिवस माझ्या राखाडी गाडीचं मागचं डावं दार पांढरं आहे. ओळखीचे लोक थांबून विचारतात, हे काय झालं? प्रत्येकाला उभ्या उभ्या सगळं सांगणं होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. गोष्ट रॅपची आणि गाडीच्या विम्याची आहे. ज्यांनी गाडीला रॅप केलाय, म्हणजे रंगावर चिकटणारी फिल्म चढवलीय, किंवा करायचं मनात आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गाडी मुळात पांढरीच. दोन वर्षांपूर्वी तिच्यावर मॅट राखाडी फिल्म लावून घेतली. तीन दिवस काम चाललं होतं आणि मी रोज संध्याकाळी बघायला जायचो. कारागिराने आधी गाडी धुऊन, पुसून, बोटाने चाचपून एकेक कण काढला. दारांची हँडलं सोडवली, काचेखालच्या रबरी पट्ट्या उचलल्या, मग दोघांनी मिळून फिल्म ताणून धरली. हीट गनने ती मऊ करायची, स्क्वीजीने, म्हणजे चपट्या पट्टीने, मधून कडेकडे दाबत न्यायची आणि दाराच्या कडेवरून आत वळवायची. काम खरंच सुंदर झालं होतं. ते आवडलं म्हणून केलं आणि आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्या तीन दिवसांत मी विमा कंपनीला दोन ओळींचा ईमेल केला नाही.

मागच्या महिन्यात गाडी उभी असताना एका डिलिव्हरी व्हॅनने रिव्हर्स घेताना माझं मागचं दार चेपलं. क्लेम टाकला, नुकसान तपासायला विमा कंपनीकडून सर्व्हेअर आले. शांत माणूस. फोटो काढले, चेसिस नंबर ताडून पाहिला, मग चेपलेल्या जागेपाशी उकिडवे बसले. फिल्म जिथे फाटली होती तिथे त्यांनी नखाने कड जराशी उचलली. खाली पांढरा रंग. त्यांनी हातातल्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, इथे रंग पांढरा लिहिलाय. ही फिल्म पॉलिसीत दाखवलीय का?"

दाखवली नव्हती. ती दाखवायची असते, हेच मला माहीत नव्हतं.

पुढे जे झालं ते नियमाला धरूनच झालं, पण ते समजायला मला आठवडा लागला. कंपनीने दार सरळ करण्याचे आणि मूळ रंग मारण्याचे पैसे दिले. म्हणजे पांढऱ्या रंगाचे. फिल्मचा एक पैसाही नाही. विमा नुकसान भरून देतो, पण कुठल्या गाडीचं? कंपनीच्या नोंदीत जी आहे तिचं. माझी जी गाडी त्यांच्या नोंदीत आहे ती कारखान्यातून निघाली तशी, पांढरी, अंगावर काहीही न चढवलेली. तिचं दार पांढरं करून दिलं की त्यांचा हिशेब पूर्ण झाला. आणि मला आता एकटं दार रॅप करून भागत नाही, कारण दोन वर्षांच्या उन्हाने बाकीच्या फिल्मचा रंग किंचित उतरलाय. नव्या रोलचा तुकडा शेजारी लावला की फरक लगेच डोळ्यात भरतो. कारागीर म्हणतो, निदान अख्खी डावी बाजू तरी पुन्हा करावी लागेल.

आपला सगळ्यांचा एक समज असतो की फिल्म काय, काढता येते, मग तो बदल कसला? समज अगदीच निराधार नाही. जर्मनीत टॅक्सीला फिक्या हस्तिदंती रंगाचीच सक्ती होती आणि तो रंग दिलेली गाडी पुढे विकायला जड जायची. म्हणून १९९३ च्या सुमारास रंगाऐवजी फिल्म लावायची सोय पुढे आली. टॅक्सीचं आयुष्य संपलं की फिल्म सोलायची, खाली मूळ रंग जसाच्या तसा. आजच्या रॅपमागेही तोच विचार आहे. रॅपची चांगली फिल्म जेमतेम ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीची, म्हणजे कारखान्यातल्या रंगाच्या सगळ्या थरांपेक्षाही पातळ. पण विमा कंपनीचा निकष जाडीचा नाही आणि काढता येण्याचाही नाही. गाडी मूळ रूपापेक्षा वेगळी झाली का, तिची किंमत वाढली का, वापर बदलला का, हे तिथे बघतात. या तीनही प्रश्नांवर रॅप अडकू शकतो.

किंमतीचं तर मी भोगतोच आहे. गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली तरी हेच. न कळवलेल्या फिल्मची किंमत मिळणाऱ्या भरपाईत धरलेली नसते. पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म लावणाऱ्यांनी तर हे जास्तच मनावर घ्यावं. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, ती खडी-ओरखड्यांपासून रंग वाचवते आणि खर्चही मोठा. रंग बदलला नाही, मग कळवायचं कशाला, असं वाटतं. पण दार किंवा बॉनेट बदलायची वेळ आली की नव्या पत्र्यावर ती फिल्म कोण लावून देणार, हा प्रश्न उरतोच.

चोरीवरून एक आठवलं. गाडीचा रंग नोंदणीच्या कागदावरही असतो. अख्खा रंग बदलणारी फिल्म लावल्यावर तो कागद बदलावा लागतो का, हे प्रत्येक देशाच्या नियमावर आहे. पण एवढा विचार करा की गाडी गेली तर पोलीस पांढरी गाडी शोधणार आणि रस्त्यावर धावणार राखाडी.

वापराचा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण तिथे नुसते फिल्मचे पैसे नाहीत, तर अख्खा क्लेम पणाला लागतो. माझी धाकटी बहीण कार्यक्रमांची फोटोग्राफी करते. मागच्या वर्षी तिने गाडीच्या दोन्ही बाजूंना कामाचं नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लावून घेतला. पॉलिसी मात्र खासगी वापराची. माझं दार पांढरं झाल्यावर मी तिला त्याच रात्री फोन केला. ती म्हणाली, "दादा, स्टिकरच तर आहे." मी म्हटलं, स्टिकर कोणी बघत नाहीये गं, स्टिकर काय सांगतोय ते बघतील. ही गाडी धंद्यासाठी पळते, हे तिने स्वतःच दारावर लिहून ठेवलंय. उद्या कॅमेरे आणि लाइटची सामग्री भरून जाताना धडक झाली, तर सर्व्हेअरचा पहिला फोटो त्याच अक्षरांचा असेल. तिने दुसऱ्या दिवशी कंपनीला लिहिलं. वापराचा प्रकार बदलून मिळाला, हप्ता थोडा वाढला, आणि ती आता निर्धास्त आहे. जाहिरातीचे पैसे मिळतात म्हणून गाडीवर दुसऱ्याची जाहिरात लावून फिरणाऱ्यांनाही हेच लागू होतं.

तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारा जो थर्ड पार्टी विमा असतो, त्यावर नुसत्या रंगाच्या फिल्मचा सहसा परिणाम होत नाही. गुंता होतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा.

काही गोष्टी तर पॉलिसीत फिल्म दाखवली तरी मिळत नाहीत, त्याही माहीत असू द्या. फिल्मचा रंग उन्हाने उडाला, कडा सुटल्या, फुगे आले, तर ती झीज, अपघात नव्हे. लावताना कारागिराचं ब्लेड रंगातून आत गेलं आणि त्या रेषेवर पुढे गंज धरला, तर ती कामातली चूक. ती भरून द्यायची जबाबदारी लावणाऱ्याची, विमा कंपनीची नाही. म्हणून काम देण्याआधी विचारा की कापायला ब्लेड वापरता की नाइफलेस टेप. त्या टेपमध्ये बारीक धागा असतो. फिल्म टेपवरून लावायची आणि मग धागा ओढायचा, फिल्म सरळ रेषेत कापली जाते आणि रंगाला धार लागतच नाही. आणखी एक धोका काढतानाचा. गाडीला आधी कुठे बाहेर, म्हणजे गॅरेजमध्ये, पुन्हा रंग मारलेला असेल, तर फिल्मबरोबर तो रंगही सोलून येऊ शकतो.

नव्या गाड्यांत बंपरच्या किंवा लोगोच्या मागे रडार असतो. धातूचे कण असलेली किंवा क्रोम फिल्म त्याच्यावरून गेली तर त्याच्या लहरींना अडथळा होऊ शकतो. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा त्या रडारवर चालते, तेव्हा यात विम्याच्याही आधी जिवाचा प्रश्न आहे. पार्किंग सेन्सर आणि दिवे यांच्यावर तर फिल्म येऊच देऊ नका. अपघातानंतर तिथे फिल्म सापडली, तर तुमच्या क्लेमवर पहिलं बोट तिच्याकडेच जाईल.

आता माझा खरा राग. मी विमा घेताना भरलेला फॉर्म पुन्हा काढून वाचला. त्यात 'वाहनात काही बदल केले आहेत का' एवढीच एक ओळ आहे. फिल्म, रॅप, जाहिरात, काहीही नाव नाही. इंजिनला हात लावला नव्हता, चाकं तीच, म्हणून मी दर वर्षी नूतनीकरण करताना तिथे 'नाही' लिहीत आलो आणि मनापासून खरं तेच लिहितोय असं समजत होतो. फॉर्मवर आणखी चार शब्द छापले असते तर? रॅपच्या दुकानात बिल देताना 'विमा कंपनीला कळवा' एवढं वाक्य बोलले असते तर? दोघांनाही हे रोज दिसतं. ज्याला आयुष्यात एकदाच करायचंय त्या ग्राहकानेच सगळं जाणावं, हे मला पटत नाही.

विम्यात माहिती दडवायची नाही, या तत्त्वासाठी १७६६ चा इंग्लंडमधला 'कार्टर विरुद्ध बोहम' हा खटला नेहमी सांगतात. कार्टर हा सुमात्रातल्या एका किल्ल्याचा गव्हर्नर. शत्रूच्या हल्ल्यात किल्ला जाण्याच्या शक्यतेवर त्याने विमा काढला होता आणि फ्रेंचांनी किल्ला खरंच घेतला. विमा देणाऱ्या बोहमचं म्हणणं, कार्टरने किल्ल्याची कमजोरी सांगितली नाही. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी दोन्ही बाजूंनी पूर्ण सचोटी ठेवायला हवी असं सांगितलं आणि निकाल दिला तो कार्टरच्या बाजूने. विमा देणाऱ्याला जे ठाऊक होतं किंवा असायला हवं होतं, त्याबद्दल नंतर तक्रार करता येत नाही, असा त्याचा आशय. पुढे ब्रिटनने २०१२ च्या कायद्यात सामान्य ग्राहकावरचं 'आपणहून सगळं सांग' हे ओझंच काढलं. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं नीट, काळजीपूर्वक द्यायची, एवढंच कर्तव्य ठेवलं. स्पष्ट विचारायचं काम कंपनीचं. माझ्या मते सगळीकडे हेच असायला हवं.

पण तसं नाही, तोवर आपलं आपण बघायचं. फिल्म लावायच्या आधी लिहा, नंतर नाही. कुठली फिल्म, कुठल्या भागावर, रंग कोणता, खर्च किती, गाडीवर काही मजकूर येणार का. फोनवर 'चालेल हो सर' म्हणाले तर त्याला काही अर्थ नाही, पॉलिसीला जोडलेली लेखी नोंद, म्हणजे एंडोर्समेंट, हातात आली पाहिजे. बिल आणि आधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा. गाडी कर्जावर किंवा लीजवर असेल तर कर्ज किंवा लीज देणाऱ्यांचीही परवानगी लागू शकते. आणि ज्यांची फिल्म आधीच लागलीय त्यांनी आजच कळवा. हप्ता वाढेल या भीतीने थांबू नका. नुसत्या रंगाच्या फिल्मला काही कंपन्या जादा आकारतही नाहीत, नोंद करून घेतात.

काल रॅपवाल्याचा फोन आला होता. रोल आलाय दादा, शनिवारी गाडी सोडा म्हणाला. मी त्याला थांबायला सांगितलंय. ईमेल गेलाय, कंपनीची पोचही आलीय, एंडोर्समेंट अजून यायचं आहे. ते येईपर्यंत दार पांढरंच राहील.