वाघ नको होता हो आम्हाला, तलावापाशी दहा मिनिटं हवी होती फक्त

ताडोब्याहून येऊन दोन दिवस झाले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहून मोकळी होतेय.

माझ्या बाबांना तलाव बघायचा होता. वाघ नाही, तलाव. ते सात-आठ वर्षांचे असताना त्यांच्या आजीसोबत बैलगाडीने तारू देवाच्या जत्रेला आले होते, पौषातल्या थंडीत, आणि आमच्या घरी ताडोबा म्हटलं की आजही ती जत्रा आणि ते पाणी एवढंच निघतं. आता बाबा बहात्तरचे आहेत, गुडघे गेलेत, म्हटलं पौष चालू आहे तोवर नेऊन आणते. पहाटे चारला उठून, दोन स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून ते तयार होऊन बसले होते हो, माझ्याआधी!

जिप्सीत आम्ही तिघं आणि रिसॉर्टवाल्याने जोडून दिलेले दुसरे तिघं. गेटपासूनच सुरू. टायगर कुठे, माया वाघीण दिसायची ती जागा कुठली, काल कोणाला दिसला, आमच्या ऑफिसातल्याला पाच दिसले होते. रस्त्याच्या कडेला ते गोंडकालीन दगडी खांब लागतात, गाईड त्याबद्दल सांगायला गेला तर त्याला मध्येच तोडून "ते राहू द्या, पगमार्क बघा". अरे माणूस बोलतोय ना!

आणि मग तलाव आला. काय सांगू, पाण्यावरून धुकं नुकतं उठत होतं, अडई बदकांचा थवा शीळ घालत उतरला, कमळपक्षी पानांवरून चालत होता, पलीकडच्या काठाला एक मगर अंग शेकत पडलेली. गाडीतून उतरता येत नाही, नियमच आहे आणि बरोबरच आहे, पण बसल्याबसल्या बघायला तर कोणाची मनाई नाही ना. बाबांनी हात जोडले आणि गाईडला हळूच विचारलं, तारूचं ठाणं कुठल्या अंगाला? तो बिचारा बोट दाखवून सांगतच होता की मागून आवाज, "अहो दादा, इथे काय थांबलात, नुसतं पाणीच आहे ना!"

नुसतं पाणी?? अहो, या जंगलाचं नावच तिथून आलंय. तारू गावाचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना गेला, अशी कथा आहे, तलावाच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि आदिवासी लोक पिढ्यानपिढ्या त्याला देव मानत आलेत. महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान आहे हे, १९५५ सालचं. उन्हाळ्यात बाकीचे नाले आणि पाणवठे आटतात तेव्हा हा तलाव असतो म्हणून चितळ, सांबर, गवे टिकतात आणि ते टिकतात म्हणून तुमचा तो वाघ टिकतो. ज्या पाण्यावर वाघ जगतो त्या पाण्याकडे बघायला तुम्हाला तीन मिनिटं जड होतात?

तेवढ्यात समोरून येणाऱ्या जिप्सीवाल्याने सांगितलं, पुढे कॉल आहे, म्हणजे वाघाची चाहूल लागून चितळ-माकडं ओरडतायत. झालं. "चला चला चला", आणि गाडी सुटली. मी ओरडतेय, दादा थांबा, बाबा अजून बघतायत, कोण ऐकतंय. धूळ उडवत पोचलो तर तिथे आधीच दहा-बारा गाड्या एकमेकींना चिकटून, लोक सीटवर उभे, पोरं किंचाळतायत, एक जण दुसऱ्या गाडीवाल्याशी भांडतोय की पुढे घे. पाऊण तास! पाऊण तास आम्ही त्या गर्दीत गाड्यांचा धूर खात बसलो आणि वाघाचा पत्ता नाही. येईल तरी कसा तो, एवढा बाजार भरवल्यावर.

परत येताना मी म्हटलं आता तरी दोन मिनिटं तलावाशी घ्या. तर वेळ संपत आलेली, गेटवर उशिरा पोचलं तर गाडीवर कारवाई होते, त्यामुळे ड्रायव्हर थांबू शकत नव्हता. मानेनेच बाबांना सॉरी म्हणाला. झाडांमधून पाणी चमकलं आणि मागे गेलं. बाबा मान वळवून बघत राहिले, शेवटचं दिसेपर्यंत.

ड्रायव्हरवर माझा अर्धाच राग आहे खरं सांगायचं तर. वाघ दिसला तर बक्षिशी, नाही दिसला तर तोंड वाकडं, असं आपणच शिकवलंय ना त्यांना, मग तो पळवणारच. गेटवर उतरल्या उतरल्या त्या तिघांनी त्याला सुनावलंच, "पैसे वाया गेले आमचे", आणि एक रुपया न देता निघून गेले. पहाटेपासून थंडीत गाडी चालवणाऱ्या माणसाला! मला तिथेच भांडायचं होतं, बाबांनी हात धरला. त्यांनी गाईडला बाजूला घेऊन दोनशे रुपये दिले आणि म्हणाले, ठाणं दाखवलंस रे, बरं केलंस.

गाडीत घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत ते.

मी होळीच्या आत परत जातेय. या वेळी अख्खी जिप्सी आमचीच, जे पैसे लागतील ते लागोत. कोणाला तिथला असा ड्रायव्हर माहीत असेल जो कॉल आला तरी तलावापाशी गाडी बंद करून उभा राहील, तर प्लीज मला मेसेज करा.