गोली नुसता उभा असतो म्हणे!

लेले मैदानाच्या कट्ट्यावर जमणाऱ्या आम्हा जुन्या हॉकीवाल्यांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. आधी निपाणीच्या दोस्तानं टाकला, मग खानापुरातनं आला, मग पुन्हा बेळगावातनंच. विषय बर्फावरच्या हॉकीचा, अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल लीगमधल्या गोलींचा, म्हणजे गोलरक्षकांचा. मजकूर असा : 'एनएचएलचा ग्लेन हॉल लागोपाठ ५०२ सामने खेळला, तेही बिनामास्क. न्यू जर्सीचा ब्रोडर एका हंगामात ७८ खेळला, ४८ जिंकला. आजच्या गोलींना पन्नास-पंचावन्न सामन्यांतच विश्रांती हवी. गोली धावत नाही, नुसता उभा असतो, दमेल कशानं? आणि विश्रांती देणारं बोस्टन पहिल्याच फेरीत गारद!' खाली हसरे चेहरे.

बंडू पाटलांच्या गावचे आम्ही. १९६४ चं ऑलिंपिक सुवर्ण आमच्या गल्लीतच आलं अशा थाटात हॉकीवर बोलतो. मी स्वतः कॉलेजात चार वर्षं गोलमध्ये काढली, अर्थात मातीवर. बर्फ पाहिला तो रसाच्या गाड्यावर. तरी 'नुसता उभा' वाचून गप्प बसवेना.

हा 'उभा' माणूस प्रत्येक शॉटला दोन्ही गुडघे बर्फावर आपटतो आणि पावलं बाहेर फाकवतो. पक, म्हणजे चेंडूच्या जागची रबरी चकती, अडला की एका स्केटवर जोर देऊन उठतो, आडवा सरकतो, पुन्हा खाली. सगळा भार खुब्यांवर. सामन्यात पंचवीस-तीस शॉट, पण हुलकावण्या त्याच्या कितीतरी पट, आणि सरावातले शॉट वेगळेच. ही गुडघ्यांवर जायची पद्धत आणणाऱ्या पहिल्या काही जणांत खुद्द ग्लेन हॉल होता! म्हणजे मेसेजचा नायकही उभा नव्हताच.

शिवाय दमणं फक्त पायांचं नसतं. चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारा. सलग दुसऱ्या रात्री तो 'दमलो' म्हणत नाही, गाडीही नीट चालवतो. वळणावर ब्रेक मात्र क्षणभर उशिरा लागतो. एनएचएलमध्ये हंगामाला ऐंशीहून जास्त सामने, त्यात आज या शहरात तर रात्री विमान धरून उद्या दुसऱ्या, असे जोडसामने. पक दीडशे किलोमीटरच्या वेगानं येतो तेव्हा तो क्षण म्हणजेच गोल.

आता ५०२. आकडा खरा आहे, १९५५ ते १९६२ मधला, आणि मी त्याला हात जोडतो. पण तेव्हा लीगमध्ये संघ सहा, हंगाम ७० सामन्यांचा, आणि संघासोबत दुसरा गोली ठेवायची सक्तीच नव्हती. बसवायचं म्हटलं तरी जागेवर उभं करणार कुणाला? सामन्याआधी हॉलला उलट्या व्हायच्या, हेही सगळ्यांना ठाऊक असलेलं. मालिका तुटली ती पाठीनं दगा दिल्यावर. पुढे सेंट लुईसमध्ये १९६८-६९ ला हॉल ४१ सामने खेळला, जोडीदार गोली जॅक प्लांट ३७, आणि सर्वोत्तम गोलरक्षणाची वेझिना ट्रॉफी दोघांनी मिळून घेतली. मेसेज लिहिणाऱ्यानं हे वाचलं नसावं, किंवा वाचून गाळलं असावं.

ब्रोडर हा अपवाद, मान्य. २००० आणि २००३ ला सत्तरहून जास्त सामने खेळून त्यानं स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. पण त्याच्यापुढं न्यू जर्सीच्या बचावफळीची भिंत होती आणि तो सारखा गुडघ्यांवर जाणाराही नव्हता. शिवाय मेसेजमधल्या त्या ७८ सामन्यांच्या हंगामात संघ दुसऱ्याच फेरीत ओटावाकडून हरला. ते मेसेजात नाही.

बोस्टनचा मुद्दा तेवढा वजनदार. २०२२-२३ ला त्यांचे दोन गोली, उलमार्क ४९ आणि स्वेमन ३७, असे आलटून-पालटून खेळले, संघानं विक्रमी ६५ सामने जिंकले, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, फ्लोरिडाविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत ३-१ आघाडी असताना हरला. विश्रांती दिली की कप मिळतोच असं नाही, हे मी मानतो. पण प्लेऑफ सुरू होताच त्यांनी पाळी मोडली. पहिले सहा सामने सलग उलमार्कनंच सुरू केले, स्वेमन आला तो थेट सातव्याला. वर्षभर चाललेली घडी ऐनवेळी विस्कटली, तर दोष घडीला कसा?

२०१३ ते २०२५ या तेरा वर्षांत कप उचलणाऱ्या एकाही मुख्य गोलीनं साखळीत ६० सामने गाठलेले नाहीत. यातले मरे २०१६ ला १३ आणि बिनिंग्टन २०१९ ला ३२ खेळले, ते हंगामाच्या मध्यात वर आले म्हणून. ते विश्रांतीच्या खात्यात घालणार नाही. पण २०२४ ला ५८ आणि २०२५ ला ५४ सामने खेळलेला बोब्रोव्स्की? तो तर मोठ्या पगाराचा पहिल्या नंबरचा गोली, तरी पंचवीसेक सामने बाकावर.

सेंट लुईसचा गोली ग्रँट फुर याचंही कुणी काढेल : १९९५-९६ ला ७९ सामने. प्लेऑफमध्ये प्रतिस्पर्धी अंगावर पडून त्याचा गुडघा गेला. हा अपघात, दमण्याशी संबंध नाही. पण नंतर गोलमध्ये जॉन केसी उतरला, वर्षभर जेमतेम खेळलेला. तरी बिचाऱ्यानं डेट्रॉइटला सातव्या सामन्याच्या दुसऱ्या जादा वेळेपर्यंत झुंजवलं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. निपाणीकरानं अंगठा दाखवला. रविवारच्या आमच्या सामन्याला दुसरा गोली कोण, हेही खाली विचारलं होतं. त्याला उत्तर नाही. गेले तीन रविवार मीच आहे.