२५२० चा चमत्कार की सहावीचा लसावि?

२२ डिसेंबर, म्हणजे गणित दिन जवळ आला की लातूर-नांदेडकडच्या मास्तर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. १ ते १० या सगळ्या संख्यांनी निःशेष भाग जाणारी संख्या असूच शकत नाही असं जगभरचे गणिती मानत होते, रामानुजन यांनी २५२० शोधून त्यांना थक्क केलं, अशी संख्या ही एकमेव, आणि तिचं गूढ हिंदू वर्षात आहे: ७ वार × ३० दिवस × १२ महिने.

यातला भागाकार तेवढा खरा.

अशी संख्या असूच शकत नाही? १ ते १० चा सरळ गुणाकार करा, ३६,२८,८०० येतात. त्यांना दहाही संख्यांनी भाग जातो. सर्वांत लहान हवी असेल तर लसावि, म्हणजे लघुत्तम साधारण विभाज्य, काढा. ८ साठी तीन २, ९ साठी दोन ३, शिवाय ५ आणि ७. ६ नि १० त्यातच आले. गुणाकार २५२०. नळाला दर दहाव्या दिवशी पाणी आणि दर सातव्या दिवशी बाजार, आज दोन्ही एकत्र आले तर पुन्हा सत्तराव्या दिवशी येतील, हे आपली पोरं याच रीतीनं काढतात. लसावि काढायची रीत ग्रीक गणिती युक्लिडनं इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सिद्ध करून ठेवली आहे.

एकमेव तर नाहीच. ५०४०, ७५६०, १००८०... २५२० ची प्रत्येक पट चालते. ५०४० ला १ ते १० नी भाग जातो हे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनं युक्लिडच्याही आधी लिहिलंय.

पंचांगाचं म्हणाल तर ३० × १२ = ३६०, आणि ३६० ला १ ते १० पैकी एकट्या ७ नं भाग जात नाही. मग ७ नं गुणलं की काम झालं. वर्षाशी त्याचा संबंध काय? महिन्यात ३० असतात त्या तिथी. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून तर अधिकमास धरावा लागतो.

खरं दुखतं ते रामानुजन यांच्याबद्दल. त्यांच्या नावावर सहावीचं गणित खपवायचं आणि त्यांचं खरं काम कुणाला सांगायचंच नाही! १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा दीर्घ निबंध आला. विषय: आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्या. २५२० त्यांतलीच एक, विभाजक ४८. अशा संख्येचे मूळ अवयव पाडले तर २ चा घात सर्वांत मोठा किंवा बरोबरीचा, पुढे घात कधीच वाढत नाहीत, आणि शेवटच्या मूळ संख्येचा घात १ असतो. अपवाद फक्त ४ आणि ३६. हे त्यांनी सिद्ध केलं. त्यांचा तक्ता ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जातो, विभाजक १०,०८०. तोही संगणकाशिवाय. त्यात २,९३,३१,८६,२५,६०० ही एकच संख्या राहून गेली. तिचे अवयव पाडायला आठवी-नववीच्या वर्गात द्या: २ चा घात ६, ३ चा ४, ५ आणि ७ चे २-२, मग ११, १३, १७, १९ एकेकदा.